खेचराला पिल्लू का होत नाही, आणि घोडीला गाढव लावताना नेमकं काय सांभाळायचं

तुम्ही एकदम तीन प्रश्न विचारलेत: घोडीला गाढव लावलं तर ती सहज गाभण राहते का, तुमच्याकडच्या मादी खेचराला चक्क माज येतोय म्हणजे तिला पिल्लू होऊ शकेल का, आणि घोडीला पहिलं खेचर व्यवस्थित झालंय तर दुसऱ्या वेळी काही धोका असतो का. आधी थोडक्यात सांगतो. घोडी गाढवापासून चांगली गाभण राहते. खेचराचा माज खराखुरा असतो पण पिल्लू होत नाही, अपवाद इतके विरळ की त्यावर आशा ठेवू नका. आणि तिसऱ्याचं उत्तर हो, धोका आहे, आणि तो पोटात असताना नाही, विताना पण नाही, शिंगरू आईचा पहिला चीक पितं तिथून सुरू होतो. मी पशुवैद्य आहे, घोडे, गाढवं, खेचरं यांच्या पैदाशीचंच काम करतो, आणि लोक पहिल्या दोन प्रश्नांवर भरपूर बोलतात पण तिसरा फारसा कुणी विचारत नाही, म्हणून तुम्ही तो विचारलात याचं खरंच बरं वाटलं.

आधी घोडीचं बघू. घोडी उजेडाच्या हिशोबानं चालते. दिवस मोठे व्हायला लागले की तिचे बीजांडकोश जागे होतात, दिवस लहान झाले की बऱ्याच घोड्या महिनोन्‌महिने माजावरच येत नाहीत, आणि मालकाला वाटतं घोडीत काहीतरी दोष आहे. दोष नसतो, मोसम नसतो. (विषुववृत्ताच्या जवळ जाल तसा हा फरक कमी होत जातो.) मोसमात चक्र साधारण २१-२२ दिवसांचं, त्यातले ५ ते ७ दिवस माज, आणि गंमत अशी की बीज माजाच्या सुरुवातीला सुटत नाही, माज संपायच्या २४ ते ४८ तास आधी सुटतं. म्हणून पहिल्याच दिवशी घाईघाईनं भरवून मोकळं होणाऱ्यांची घोडी उलटते. सोनोग्राफीची सोय असेल तर बीज केव्हा पिकतंय ते दिसतं, नसेल तर माजाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दिवसाआड भरवत राहायचं, घोडी नराला झिडकारायला लागेपर्यंत. माजावरची घोडी ओळखणं सोपं आहे, शेपूट बाजूला करते, मागचे पाय फाकवून कंबर खाली घेते, थोडं थोडं मुतते आणि योनीची उघडझाप करते. माज नसेल तर कान मागे, किंचाळणं आणि लाथ.

गाढवाकडे आलं की सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, की गाढव म्हणजे छोटा घोडा. नाही. प्रजननाच्या बाबतीत तर अजिबातच नाही. गाढवीचं चक्र थोडं लांब, २३-२४ दिवसांचं, माज ६ ते ९ दिवस, आणि मोसमाचं बंधन घोडीइतकं कडक नसतं, बऱ्याच गाढवी वर्षभर माजावर येत राहतात. माजाचं लक्षण पण वेगळं. गाढवी मान पुढे ताणते, खाली घेते, कान मागे टाकते आणि तोंड उघडून जबडा चघळल्यासारखा हलवत राहते, तोंडात काही नसताना, कधीकधी लाळ गळते. नर जवळ आला की हे वाढतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं हिच्या दातात काही अडकलंय किंवा पोटात दुखतंय, मला तर या तक्रारीसाठी बोलावलेलंही आहे. घोडीत हे असं दिसत नाही, अगदी तरुण घोडी सोडली तर.

नराचाही स्वभाव निराळा. घोडा रानात आपला कळप घेऊन फिरतो, घोड्या त्याच्याभोवती असतात, त्यामुळे माजावरची घोडी समोर आली की त्याचं काम झटपट होतं. गाढवाचा नर मोकळ्या रानात स्वतःचा इलाका धरून राहतो आणि गाढवी त्या इलाक्यातून येत-जात असतात. त्यामुळे त्याला वेळ लागतो. तो हुंगतो, वरचा ओठ वळवून तोंड वर करतो, ओरडतो, एकदा चढून बघतो पण तयार नसतो, मग उतरतो, चक्क लांब जाऊन पाठ करून उभा राहतो, आणि तिथे उभं राहिल्यावरच तयार होतो आणि मग परत येतो. यात पंधरा मिनिटं जाऊ शकतात, अर्धा तास जाऊ शकतो. घोड्यांची सवय असलेला माणूस पाच मिनिटांत वैतागतो, दोर ओढतो, ओरडतो, आणि गाढव बिथरलं की त्या दिवशीचं काम संपलं. गाढवाला लांब जाऊ द्या. मोकळा पट्टा द्या. हा एवढा एक बदल केला तरी ‘आमचं गाढव कामाचं नाही’ म्हणणाऱ्यांची निम्मी तक्रार मिटते.

आता घोडी आणि गाढव यांचा संकर. नर गाढव आणि मादी घोडी यांच्यापासून खेचर. उलट केलं, म्हणजे नर घोडा आणि मादी गाढवी, तर त्याला हिनी म्हणतात. बघून दोन्हीत फरक ओळखणं अवघड असतं, पक्कं सांगायचं तर आईकडून येणारा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए तपासावा लागतो, खेचरात तो घोडीचा निघेल आणि हिनीत गाढवीचा. हिनी कमी दिसतात कारण एक तर घोड्यांत वाढलेला घोडा गाढवीकडे बघत नाही, आणि दुसरं म्हणजे बघितलं तरी गाढवी घोड्यापासून कमी वेळा फळते. घोडी मात्र गाढवापासून जवळजवळ घोड्यापासून राहते तशीच राहते. अडचण फळण्यात नसते, भरवण्यात असते. गाढवांत वाढलेल्या नराला घोडी आकर्षक वाटत नाही, म्हणून ज्यांना खेचरांची पैदास करायची असते ते नर गाढवाला दूध तुटल्यापासून घोड्यांच्या शिंगरांबरोबर वाढवतात. तुमच्या गाढवाला असं वाढवलेलं नसेल तर फार अपेक्षा न ठेवता आधी ओळख करून द्या, कुंपणापलीकडून काही आठवडे. घोडीचंही तसंच, बऱ्याच घोड्या गाढवासमोर माज दाखवतच नाहीत, त्याच्या ओरडण्याला घाबरतात, तेव्हा माजाची परीक्षा शक्य असेल तर घोडा दाखवून करायची आणि मग गाढव आणायचं. उंचीचा फरक असेल तर घोडी जरा सखल जागेत उभी करायची. आणि घोडीची लाथ गाढवाला बसली की ते गाढव पुन्हा घोडीजवळ जायला बिचकतं, त्यामुळे माज पक्का झाल्याशिवाय दोघांना एकत्र सोडू नका. हे सगळं जमत नसेल तर कृत्रिम रेतन हा सरळ मार्ग आहे, गाढवाचं ताजं वीर्य घोडीत वापरलं की चांगलं फळतं. गोठवलेल्या वीर्याचं मात्र गाढवीत फळण्याचं प्रमाण बरंच कमी आहे, तेव्हा पुढे कधी गाढवी भरवायची असेल तर ताज्या किंवा थंड ठेवलेल्या वीर्याकडेच बघा.

दुसरा प्रश्न, खेचराला पिल्लू का नाही. इथे मला जरा रेंगाळायचंय कारण यात एक गैरसमज आहे आणि त्या गैरसमजापायी माणसं जखमी होतात.

घोड्यात गुणसूत्रं ६४, म्हणजे ३२ जोड्या. गाढवात ६२, म्हणजे ३१ जोड्या. खेचराला आईकडून ३२ आणि बापाकडून ३१ मिळतात, एकूण ६३. आता शरीर वाढवायला, हाडं, स्नायू, मेंदू बनवायला पेशी फक्त स्वतःची नक्कल करत जाते, त्याला गुणसूत्रांची जोडी लागत नाही, त्यामुळे खेचर एकदम धडधाकट, काटक, दीर्घायुषी. पण शुक्राणू किंवा बीज बनवताना आईकडचं आणि बापाकडचं गुणसूत्र समोरासमोर येऊन एकमेकांना चिकटावं लागतं आणि मग वाटणी होते. खेचरात हे समोरासमोर येतात तेव्हा एका शर्टाची बटणं आणि दुसऱ्याच शर्टाची काजं अशी गत होते, काही लागतात, बरीच लागत नाहीत, आणि पेशी तिथेच थांबते आणि मरते.

लोक म्हणतात ६३ हा विषम आकडा आहे म्हणून. एवढंच कारण नाही. प्रझेवाल्स्कीचा रानघोडा घ्या, मंगोलियातला, त्याची गुणसूत्रं ६६. त्याचा आणि आपल्या पाळीव घोड्याचा संकर केला तर शिंगराला ६५ येतात, विषमच, पण ते शिंगरू मोठं झाल्यावर व्यवस्थित प्रजनन करतं. कारण तिथे फक्त एक गुणसूत्र दोन तुकड्यांत मांडलेलं आहे, मजकूर जवळजवळ तोच. घोडा आणि गाढव यांच्यात मात्र मजकुराची मांडणीच बऱ्याच ठिकाणी उलटसुलट झालेली आहे. आकडा हे दिसणारं लक्षण, खरी अडचण मांडणीची.

आणि हीच गोष्ट मला ठासून सांगायचीय: खेचराचं गाडं एकाच ठिकाणी अडतं, शुक्राणू आणि बीज तयार होण्याच्या पायरीवर. बाकी सगळी यंत्रणा जागच्या जागी आणि जोरात चालू असते. नर खेचराच्या वृषणात टेस्टोस्टेरॉन घोड्यासारखंच बनतं. त्याला माद्या कळतात, तो चढतो, पूर्ण क्रिया करतो, मारामाऱ्या करतो, माणसावर धावून जातो. ‘वांझच आहे, खच्ची कशाला करायचं’ हा विचार करून नर खेचर तसंच ठेवलं की तीन-चार वर्षांचं होईपर्यंत ते ताकदीनं घोड्यासारखं आणि हट्टानं स्वतःसारखं झालेलं असतं, आणि ते हाताळणं खरोखर धोक्याचं असतं. नर खेचर खच्ची करायचंच, शक्यतो वर्षाच्या आत, धनुर्वाताची लस आधी देऊन. आणि गाढव किंवा खेचर खच्ची करताना डॉक्टरांनी रक्तवाहिनी बांधणं चांगलं, विशेषतः वय झालेल्या जनावरात, कारण त्यांच्या वाहिन्या जाड असतात आणि रक्तस्राव जास्त होतो. हे अवश्य आधी बोलून घ्या.

मादी खेचराचंही तसंच. तिचे बीजांडकोश असतात, पण त्यातली बहुतेक बीजं ती पोटात असतानाच आणि जन्मल्यानंतर पहिल्या एक-दोन वर्षांत मरून जातात. जी थोडी उरतात ती वाढू शकतात, फॉलिकल म्हणजे बीज पिकवणारी पिशवी बनतं, त्यातून इस्ट्रोजेन हे मादीचं हार्मोन तयार होतं, आणि म्हणून माज येतो. काहींना नियमित येतो, काहींना वेडावाकडा, काहींना येतच नाही. तुमच्या खेचराचा माज म्हणजे आजार नाही आणि गाभण राहण्याची शक्यताही नाही. गर्भाशय तर इतकं शाबूत असतं की १९८०च्या दशकात संशोधकांनी घोड्याचा आणि गाढवाचा गर्भ मादी खेचराच्या गर्भाशयात ठेवला आणि तिने तो पूर्ण दिवस वाढवून जन्माला घातला, दूधही पाजलं. स्वतःचं बीज नाही, बाकी आई होण्यासाठी लागणारं सगळं आहे. मला हे नेहमी फार विलक्षण वाटतं.

अपवादांबद्दल लोक विचारतात म्हणून सांगतो. प्राचीन रोममध्ये ‘खेचर विईल तेव्हा’ असं म्हणायचे, म्हणजे कधीच नाही अशा अर्थानं. पण मादी खेचर व्यायल्याची मोजकी उदाहरणं खरी निघालीत. १९८४ मध्ये अमेरिकेत नेब्रास्कामध्ये क्राउझ नावाच्या मादी खेचराला गाढवापासून शिंगरू झालं आणि गुणसूत्रं तपासून ते तिचंच असल्याचं सिद्ध झालं. २००७ मध्ये कोलोरॅडोतलंही एक उदाहरण तपासणीत खरं ठरलं. नर खेचरापासून पिल्लू झाल्याचं मात्र एकही सिद्ध उदाहरण नाही, आणि हे जीवशास्त्रातल्या जुन्या नियमाला धरूनच आहे: ब्रिटिश शास्त्रज्ञ हॉल्डेन यांनी १९२२ मध्ये मांडलं होतं की संकरात एकच लिंग वांझ निघत असेल तर ते बहुधा दोन वेगळी लिंगगुणसूत्रं असलेलं असतं, सस्तन प्राण्यांत ते म्हणजे नर. आता तुम्हाला कुणी ‘आमच्या खेचराला पिल्लू झालं’ म्हणून फोटो दाखवला तर डीएनए तपासणी मागा, कारण मादी खेचरांना पिल्लांची जबरदस्त ओढ असते, त्या शेजारच्या घोडीचं शिंगरू सरळ पळवतात, आईला जवळ येऊ देत नाहीत, आणि सकाळी बघणाऱ्याला वाटतं की हिलाच झालंय. यातून खऱ्या आईपासून तुटलेलं शिंगरू चीक न मिळाल्यानं मरू शकतं, म्हणून घोडी विणार असेल तेव्हा तुमचं ते माजावर येणारं खेचर वेगळं बांधा, हे लक्षात ठेवा. (एक मात्र आहे, पैदास होत नसली तरी घोड्याच्या कुळातलं पहिलं क्लोन खेचरच होतं, आयडाहो जेम, ४ मे २००३, आयडाहो विद्यापीठ, घोडीच्या पोटात वाढवलेलं. पहिलं क्लोन घोड्याचं शिंगरू, प्रोमेतेआ, त्याच महिन्यात नंतर इटलीत जन्मलं.)

आता गाभणपण. घोडीचे दिवस साधारण ३४०, पण ३२० ते ३६५ पर्यंत सगळं नॉर्मल धरायचं. पोटात खेचर असेल तर थोडे दिवस वर जातात. गाढवीचे तब्बल बारा महिने, आणि वर आणखी दोन-तीन आठवडे गेले तरी घाबरायचं नाही. घोडीच्या हिशोबानं अकरा महिने मोजून लोक गाढवीला कळा आणणारं इंजेक्शन मागतात, ते कधीही करू नका, अपुऱ्या दिवसांचं शिंगरू जगवणं फार कठीण असतं. तारीख बघू नका, कास बघा. शेवटचे काही आठवडे कास भरत जाते, आणि विण्याच्या साधारण एक-दोन दिवस आधी सडाच्या टोकावर मेणासारखा पिवळसर थेंब सुकलेला दिसतो.

भरवल्यावर १४ ते १६ दिवसांत सोनोग्राफी करून घ्या आणि ती टाळू नका, जुळ्यांसाठी. गाईला जुळी झाली तर लोक खूश होतात, घोडीला जुळी राहिली तर बहुतेक वेळा दोन्ही जातात, कारण घोडीची वार गर्भाशयाच्या सगळ्या आतल्या बाजूला पसरून चिकटलेली असते, दोघांत वाटली की कुणालाच पुरत नाही, आणि घोडी सातव्या-आठव्या महिन्यात गाभडते. साधारण १६व्या दिवसापर्यंत गर्भ गर्भाशयात इकडेतिकडे फिरत असतो, तोवर डॉक्टर एक गर्भ बाजूला घेऊन दाबून टाकू शकतात आणि दुसरा व्यवस्थित वाढतो. नंतर तो एका जागी बसतो आणि काम अवघड होत जातं. गाढवीत तर एकाच माजात दोन बीजं सुटण्याचं प्रमाण घोडीपेक्षाही जास्त असतं.

रक्ताच्या चाचणीवर विसंबणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट, जी फारशी कुणाला माहीत नसते. गाभण घोडीत साधारण ३५-४० दिवसांपासून १२० दिवसांपर्यंत ईसीजी नावाचं हार्मोन रक्तात असतं, गर्भाच्या पेशी आईच्या गर्भाशयात घुसून छोट्या वाट्यांसारखी ऊती करतात, तिथून ते येतं. ही ऊती किती जोमदार होणार ते बापावर बरंच ठरतं. बाप घोडा असेल तर हार्मोन भरपूर, बाप गाढव असेल तर कमी आणि लवकर संपणारं. त्यामुळे पोटात खेचर असलेल्या घोडीची ईसीजी चाचणी निगेटिव्ह येऊ शकते आणि घोडी मात्र गाभण असते. सोनोग्राफीवर विश्वास ठेवा. आणि हेही, या वाट्या तयार झाल्यावर जर गर्भ गेला तर हार्मोन चालूच राहतं आणि घोडी बरेच आठवडे नीट माजावर येत नाही, तो मोसम हातचा जाऊ शकतो.

गाढवी गाभण असेल तर तिचं खाणं एक दिवसही तुटू देऊ नका. गाढवं अंगानं चरबी साठवणारी, आणि गाभणपणी खाणं थांबलं, मग ते आजारानं असो, लांबच्या प्रवासानं असो किंवा ‘जाड झालीय, कमी घाला’ म्हणून असो, की अंगातली चरबी वेगानं रक्तात उतरते, रक्त दुधाळ दिसायला लागतं, यकृत आणि मूत्रपिंडं बसतात आणि जनावर बघता बघता जातं. पहिलं लक्षण फक्त एवढंच असतं की ती सुस्त आहे आणि खात नाहीये, आणि गाढव मुळातच दुखणं दाखवत नाही, म्हणून हे सुटतं. गाभण गाढवीनं खाणं सोडलं की त्याच दिवशी डॉक्टर.

विणं बहुतेक रात्रीचं. पाणमोट फुटल्यापासून शिंगरू बाहेर येईपर्यंत २०-३० मिनिटं, गाईसारखे तास नसतात. अर्धा तास जोर लावूनही शिंगरू येत नसेल तर उशीर झालेला आहे. पांढरट पडद्याऐवजी लाल मखमली पिशवी बाहेर आली तर वार आधीच सुटलीय, शिंगराला आत प्राणवायू मिळत नाहीये, ती पिशवी तिथल्या तिथे फाडून शिंगरू काढायचं, डॉक्टरांची वाट बघायची नाही. सगळं नीट झालं तर तासाभरात शिंगरू उभं राहिलं पाहिजे, दोन तासांत प्यायला पाहिजे, तीन तासांत वार पडली पाहिजे. वार अडकली की घोडीला खूर सुजण्यापर्यंत आणि जिवापर्यंत जातं, ओढून काढू नका, डॉक्टरांना बोलवा.

आता तिसरा प्रश्न. गाढवाच्या लाल रक्तपेशींवर एक खूण असते, इंग्रजीत तिला डाँकी फॅक्टर म्हणतात, आणि ती कुठल्याच घोड्यात नसते. खेचराच्या शिंगराला ती बापाकडून मिळते. गाभणपणी किंवा विताना शिंगराचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळलं की आईचं शरीर ती खूण परकी समजून त्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं. पहिल्या खेचराच्या वेळी त्या बनतात तोवर शिंगरू बाहेर आलेलं असतं, म्हणून पहिलं बहुधा सुखरूप निघतं आणि मालक निर्धास्त होतो. दुसऱ्या खेचराच्या वेळी त्या आधीच तयार असतात आणि भराभर वाढतात. वारेतून त्या शिंगरापर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे शिंगरू एकदम ठणठणीत जन्मतं, उभं राहतं, उड्या मारतं. पण त्या चिकात साठतात. शिंगरू चीक पितं, पहिल्या दिवशी त्याच्या आतड्यातून अँटिबॉडी जशाच्या तशा रक्तात जातात, आणि त्याच्या स्वतःच्या लाल पेशी फुटायला लागतात.

घोड्यांच्या शिंगरांत हा प्रकार शंभरात एखाद-दुसऱ्याला होतो, खेचरांत शंभरात दहाच्या आसपास. काही तासांपासून चार-पाच दिवसांपर्यंत कधीही दिसतो. शिंगरू सुस्त होतं, दूध ओढायचं सोडतं, जरा चाललं की धापा टाकतं. वरचा ओठ उचलून हिरडी बघा, आधी गुलाबीची फिकट पांढरी होते मग पिवळी, डोळ्याचा पांढरा भागही पिवळा पडतो, आणि लघवी लालसर किंवा चहासारखी होते. आधी एकदा निरोगी शिंगराची हिरडी बघून ठेवा म्हणजे फरक कळेल.

टाळायचं कसं ते ऐका. विण्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत घोडीचं रक्त तपासून घेता येतं, आणि विल्यावर शिंगरानं तोंड लावायच्या आधी आईचा चीक आणि शिंगराचं रक्त मिसळून गुठळ्या होतात का ते डॉक्टर तिथल्या तिथे बघू शकतात. तपासणी जमत नसेल तर तुमच्या घोडीच्या बाबतीत, एक खेचर झालेलं असल्यानं, धोका आहे असंच धरून चला. शिंगरू जन्मल्या जन्मल्या त्याला मुसकं बांधा, आईपाशीच ठेवा म्हणजे आई ओळख सोडत नाही, फक्त कासेला तोंड लागू द्यायचं नाही, २४ ते ४८ तास. या काळात आईची कास दर एक-दोन तासांनी पिळून रिकामी करा आणि ते दूध फेकून द्या. आणि शिंगराला दुसऱ्या घोडीचा चीक पाजा, कधीही गाढवाला न भरवलेल्या आणि पोटात खेचर न वाढवलेल्या घोडीचा. हे विसरून फक्त मुसकं बांधलं तर एका संकटातून वाचवून दुसऱ्यात ढकलल्यासारखं होतं, कारण शिंगराच्या अंगात स्वतःची रोगप्रतिकारशक्ती जवळजवळ नसते, ती चिकातूनच येते, आणि आतडं ती घेतं ते पहिल्या सहा-आठ तासांत सगळ्यात जास्त आणि चोवीस तासांत जवळपास बंद. म्हणून चीक आधीपासून गोठवून ठेवलेला हवा, −२० अंशांवर वर्षभर चांगला राहतो. वितळवताना कोमट पाण्यात, उकळायचा नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर नाहीच, अँटिबॉडी मरतात. साधारण ४५-५० किलोच्या शिंगराला पहिल्या सहा-आठ तासांत एक ते दोन लिटर, थोडं थोडं करून. दुसऱ्या दिवशी शिंगराच्या रक्तातला आयजीजी, म्हणजे चिकातून आलेल्या अँटिबॉडींचं प्रमाण तपासा, दर डेसिलिटरला ८०० मिलिग्रॅमच्या वर हवा, कमी निघाला तर प्लाझ्मा द्यावा लागतो. दोन दिवसांनी मुसकं काढलं की शिंगरू आईचंच दूध पितं, तोवर चीक संपलेला असतो आणि आतडंही बंद झालेलं असतं.

आणि आजार दिसलाच तर शिंगराला पळवू नका, दमवू नका, लगेच आईचं दूध बंद आणि डॉक्टर. रक्त द्यायची वेळ आली तर गाढवाचं किंवा दुसऱ्या खेचराचं द्यायचं नाही, त्यांच्या पेशींवर तीच खूण आहे, त्याही फुटतील. आईच्याच लाल पेशी सगळ्यात चांगल्या, पण धुऊन, म्हणजे अँटिबॉडी असलेला द्रव पूर्ण काढून टाकून, नाहीतर गाढवाशी कधी संबंध न आलेल्या एखाद्या घोड्याच्या.

या तीन प्रश्नांशिवाय तुम्ही शेवटी हेही विचारलंय की या घोडीला आता घोडा लावला तर चालेल का. चालेल. विल्यानंतर सात ते दहा दिवसांत तिला पहिला माज येतो, पण वार अडकली असेल किंवा विताना त्रास झाला असेल तर तो सोडून पुढचा धरा. गाढवाविरुद्ध तयार झालेल्या अँटिबॉडींचा घोड्यापासून झालेल्या शिंगराला त्रास होत नाही, त्याच्या पेशींवर ती खूणच नसते, ते आईचा चीक पहिल्या मिनिटापासून पिऊ शकतं. पुन्हा खेचर हवं असेल तरच मुसकं आणि गोठवलेला चीक यांची तयारी लागते, आणि ती घोडी नवव्या महिन्यात असतानाच करून ठेवा.